मामीची अट अन् जामचा मिस्त्री

ओमभाऊ काळमेघ खरं बोलायला लागला की हिंगणघाटच्या त्या गल्लीतली माणसं आधी आपल्या पायाखाली बघतात. उगाच नाही. एका नवरात्रात त्यानं शेजारच्या नानांच्या फिरायच्या बुटांना तळव्याकडून ओला पिवळा रंग लावून ठेवला होता. नाना अंधारात फिरून आले, आणि उजाडल्यावर बायकांना गल्लीपासून देवीच्या देवळापर्यंत पिवळी पावलं उमटलेली दिसली. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी फुलं ठेवली. खुद्द नाना आंघोळ करून पाया पडायला वाकले, तेव्हा त्यांना देवीच्या पावलात आपल्या बुटाच्या कंपनीचं नाव दिसलं.

तर असा हा माणूस. शाळेत क्लार्क, डोक्यावर निम्मे केस, आणि चेहरा असा की शोकसभेत बसला तरी शेजारच्याला वाटावं, खुर्चीवर काहीतरी ठेवलंय. असा माणूस एका सकाळी गल्लीच्या मधोमध उभा राहून काकुळतीनं म्हणाला, "बाप्पा हो, इंजिनाचं काम करणारा एखादा भरोशाचा मिस्त्री सांगा ना."

गल्ली पोट धरून हसली. समोरचे अण्णाजी तर खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसले, पुढं काय होतं ते बघायला.

पुढं काहीच झालं नाही. ओमभाऊ खरंच अडचणीत होता.

अडचण होती त्याच्या सासूच्या डोळ्याची. सासू म्हणजे आनंदाबाई, ओमभाऊ त्यांना मामी म्हणायचा. मामी वडनेरला राहतात, वावर बघतात, आणि आजवर कोणाच्या बापाला भ्यायल्या नाहीत. पण डावा डोळा आधीच अधू, त्यात उजव्यात मोतीबिंदू उतरला आणि डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, तेव्हापासून त्यांच्या घरी भलत्याच घटना घडायला लागल्या. ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला म्हैस व्यायली. दुसऱ्या तारखेला म्हैस काही परत व्याली नाही, म्हणून मामींना एसटीच्या वासानंच उलटी झाली. इकडे नजर अशी, की जनावराचा डॉक्टर समजून त्यांनी मीटर वाचायला आलेल्या माणसाला थेट गोठ्यात नेलं आणि म्हशीचं शेपूट उचलून दाखवलं.

शेवटी त्यांच्या लेकीनं, म्हणजे ओमभाऊच्या बायकोनं, सुमतीनं रडून गोंधळ घातला, तेव्हा मामींनी अट घातली.

"जवाईबापूच्या गाडीत येईन, दुसऱ्या कशात नाई. पण गाडी रस्त्यात बंद पडली तं मी तिथूनच वापस. मंग मले कोणी डोळ्याचं नाव काढायचं नाई."

ओमभाऊ आनंदानं हो म्हणाला. त्याची गाडी जुनी होती, निळी होती, आणि गल्ली तिला निळीच म्हणायची. म्हातारी असली तरी निळी कधी रस्त्यात बसली नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो आणि सुमती वडनेरला गेले. निळी गाणं म्हणत गेली. रात्री मामींनी वांग्याची भाजी आणि भाकरी असा पाहुणचार केला की ओमभाऊला पँटचं बटण सोडून झोपावं लागलं. सकाळी मामी पुढच्या सीटवर बसल्या, आणि हायवेला लागताच निळीनं मान टाकली.

म्हणजे आधी ओढ गेली. पाय दाबावा तर गाडी जांभई दिल्यासारखा आवाज करी. ट्रकवाले सोडा, एक सायकलवाला शेजारून जाताना "ढकलू का?" म्हणाला. पहिल्याच पुलाजवळ गाडीनं एक उचकी दिली आणि ती थांबली.

मामी टुणकन उतरल्या. "पाहा. देवाची मर्जी नाई." आणि मागून येणाऱ्या ऑटोला त्यांनी असा हात केला, की डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या बाईला तो ऑटो दिसला तरी कसा, हा प्रश्न कोणालाही पडावा. कोणाला पडला नाही. सुमतीच्या तेव्हा एवढं मात्र लक्षात आलं, की माय दवाखान्यात राहायला निघाली खरी, पण पिशवीत बदलायचं लुगडं नव्हतं. फक्त पानाचा डबा होता.

डॉक्टरनं फोनवर सुमतीला झाडलं. मोतीबिंदू पिकलाय, आता लांबवलं तर डोळा हातचा जाईल, पुढच्या गुरुवारी आणा, त्यानंतर मला विचारू नका. सुमतीनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "मायचा डोळा तुमच्या गाडीवर हाय. या वक्ती तरी मसखरी करू नका."

आता बघा, आयुष्यात पहिल्यांदा ओमभाऊनं काहीच केलेलं नव्हतं.

पुण्याला असलेला त्यांचा मुलगा अभिराम फोनवरच गाडीचा वैद्य झाला. "बाबा, गाडीची ओढ गेली म्हणजे इंजिन थकलं. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, प्लग, सगळं बदला. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलंय, ओरिजिनल मिळणार नाही. मी बाहेरच्या कंपनीचा किट पाठवतो. तुम्ही फक्त चांगला मेकॅनिक शोधा."

फक्त, म्हणे.

किटचा डबा आला तो गल्लीनंच उघडला. अण्णाजींनी बेल्ट हातात धरून ताणून बघितला आणि "आपल्या पिठाच्या गिरणीचा याच्यापेक्षा जाड हाय" असा निकाल दिला. कोणी वॉटर पंप कानाला लावला. कोणी म्हणालं बाहेरचा पार्ट बसवला की इंजिन त्याला सावत्र समजतं आणि हळूहळू सगळे पार्ट रुसतात. कोणी म्हणालं उलट आहे, ओरिजिनलच्या डब्यात हेच भरतात. सगळ्यांच्या शेवटी नाना पुढं आले. सिंचन खात्यातून रिटायर झालेला माणूस, कमी बोलणारा, आणि पांढऱ्याशुभ्र पायजम्याशिवाय घराबाहेर न पडणारा.

"ओम्या, जामले चौकाच्या अलीकडे रूपराव मिस्त्री हाय. सरळ त्याच्याकडे जाय."

ओमभाऊनं नानांच्या तोंडाकडे बघितलं. तोंड सरळ होतं. फारच सरळ होतं. पिवळ्या पावलांनंतर नानांनी कधी बदला घेतला नव्हता, आणि न घेतलेला बदला किती मोठा होत जातो हे ओमभाऊइतकं कोणाला ठाऊक असणार? जामला कोणी रूपराव नसेलच. असला तर तो डुकरं पाळत असेल. ओमभाऊ "हो हो, जातो ना नाना" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी निळीला रखडवत, थांबत थांबत, बरोबर उलट्या दिशेला, वर्ध्याला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेला.

तिथं फार मान मिळाला. एका मुलीनं सर म्हणून बसवलं, मशीनची कॉफी दिली, आणि कॉम्प्युटरवर गाडीचं मॉडेल शोधायला लागली. ते यादीतच नव्हतं.

"सर, तुमची गाडी सिस्टीममध्ये नाही."

"बाहेर उभी आहे ना, मॅडम. खिडकीतून दिसते."

"हो सर, पण मॉडेल टाकल्याशिवाय जॉबकार्ड बनत नाही. आणि बाहेरचे पार्ट आम्ही लावत नाही. लावले तर वॉरंटी जाते."

"मॅडम, या गाडीची वॉरंटी माह्या लग्नाच्या आल्बमसोबत पिवळी पडली."

मुलगी गोड हसली. अशा वेळी माणसानं भांडावं तरी कसं? तो घरी पोचतो न पोचतो तोच मोबाईलवर मेसेज आला, आमची सेवा कशी वाटली. ओमभाऊनं कॉफीला चांगले मार्क दिले.

मग त्याच्यातला खरा ओमभाऊ जागा झाला. आपण एवढे लोकांना फसवतो, तर आपल्याला कोण फसवतो हे आपल्याला ओळखता येऊ नये? त्यानं एक नामी युक्ती काढली. बॉनेट उघडून त्यानं प्लगची एक वायर हलकेच उपसून ठेवली. वायर निघाली की गाडी लंगडते, हे कोणताही मिस्त्री बॉनेट उघडताच बघेल. जो म्हणेल, भाऊ वायर निघाली, तो इमानदार. जो दुसरं काही सांगेल, त्याला नमस्कार. निळीच्या खऱ्या दुखण्यात हे एक खोटं दुखणं मिसळून ओमभाऊ परीक्षक बनून निघाला.

पहिला परीक्षार्थी बसस्टँडजवळचा चिंधू. चिंधूनं बॉनेट उघडलं, बघितलं, पुन्हा बंद केलं, आणि म्हणाला, "इंजिनाचं मंग पाहू, भाऊ. आधी तुमच्या गाडीले रिव्हर्सचा आवाज नाई, हे लय डेंजर हाय." ओमभाऊ चहा पिऊन येईपर्यंत त्यानं तो आवाज बसवूनही टाकला. त्या दिवसापासून निळी मागं घेतली की आरतीची चाल वाजवायला लागली. गल्लीत गाडी लावताना दोन म्हाताऱ्या रोज दारात येऊन हात जोडायच्या.

दुसरा परीक्षार्थी नीलेश. याच्या गॅरेजात सोफा, एसी, आणि भिंतीवर लाल रंगाच्या अशा एका गाडीचं चित्र, जी हिंगणघाटच्या रस्त्यावर आली तर पहिल्या खड्ड्यातच राहायला जाईल. नीलेशनं बॉनेट उघडलंच नाही. टॅब्लेट काढला, निळीचा फोटो घेतला, आणि दुखवट्याला आल्यासारखा ओमभाऊच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, इंजिन उतरवावं लागन."

"न पाहता?"

"आवाजावरून समजते ना, काका. अन् मनातलं सांगू? तुमच्या वयात आता दुसरी गाडी पाहा."

गाडीच्या वयाबद्दल बोलला असता तर ओमभाऊनं सोडूनही दिलं असतं. तो जाताना नीलेशच्या सोफ्याच्या दोन गाद्यांमध्ये वाटाण्याएवढा हिंगाचा खडा सरकवून आला. तो वास अजून तिथं आहे म्हणतात.

असा मंगळवार उजाडला. गुरुवार दारात उभा. सुमती मुकाट्यानं डबा देत होती, ओमभाऊ मुकाट्यानं तो घेऊन शाळेत जात होता, आणि वडनेरहून मामींचा फोन मात्र भलताच प्रेमळ. "जवाईबापू, गाडी नसन होत तं राहू द्या हो. कायले तकलीफ घेता? मले काय, म्हशीचं शेपूट हाताले लागते, तेवढं बस हाय."

फोन ठेवल्यावर ओमभाऊ बराच वेळ अंगणात बसला. हे बोलणं हसण्यासारखं होतं आणि त्याला हसू येत नव्हतं. मामी त्याच्या लग्नाच्या पहिल्याच दिवाळीला त्याच्या पानात साखरेऐवजी मीठ घातलेले अनारसे वाढून, तो कसे गिळतो हे पदराआडून बघत बसल्या होत्या. सगळ्या सासरात आपल्या जातकुळीचं माणूस त्याला तेवढं एकच भेटलं होतं. त्या माणसाला आपण अंधारात बसू द्यायचं का?

तो उठला आणि नानांच्या दारात गेला. "नाना, तो रूपराव खरंच हाय?"

नानांनी चष्म्यावरून बघितलं. "तुह्यासारखा मी हाय का बे? चाल, मी सोबत येतो. खोटं निघालं तं मले जामलेच सोडून देजो."

जामचा चौक म्हणजे ट्रकांचं माहेर. नागपूर, हैदराबाद, चंद्रपूर, सगळीकडचे ट्रक तिथं टेकतात, आणि ट्रक टेकले की चहा, टायर आणि मिस्त्री आलेच. चौकाच्या अलीकडे कडुलिंबाखाली खाट, खाटेवर रूपराव. माणूस पोटानं मोठा आणि तोंडानं त्याहून मोठा. ओमभाऊनं जागा बघून गाडी मागं घेतली आणि आरती सुरू झाली. रूपराव खाटेवरून उठला, चपला काढल्या, आरती संपेपर्यंत हात जोडून उभा राहिला, आणि म्हणाला, "आता प्रसाद काढा."

ओमभाऊला माणूस पहिल्या झटक्यात आवडला आणि म्हणूनच त्याचा भरोसा वाटेना.

"काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच रस्ता जाते, भाऊ," रूपराव बॉनेट उघडता उघडता सांगायला लागला, "अन् त्या रस्त्यावर एकच रूपराव. पंजाबचे ड्रायव्हर मले चाचा म्हणते, तामिळनाडूचे काय म्हणते ते मले समजत नाई, पण इज्जतीनं म्हणते." मग तो थांबला. वाकून बघितलं. "ही वायर तुमीच काढली."

"मी? कायले?"

"साऱ्या इंजिनावर बोटभर धूळ, अन् वायरीवर अंगठ्याचा साफ ठसा. हे शेपन्नास लोक करते. मिस्त्रीची परीक्षा घेते. घ्या बाप्पा, परीक्षा घ्या. पण ही दुसरी बी काऊन काढली? एकीत भागलं नाई?"

"दुसरी मी नाई काढली," ओमभाऊ म्हणाला. आणि ते खरं होतं.

नाना कडुलिंबाकडे बघायला लागले. फार बारकाईनं, जणू त्या झाडावर सिंचनाची योजना आखायची होती.

"नाना?"

"तुले त्या दिवशी वायर काढताना पाह्यलं होतं," नाना झाडालाच म्हणाले. "मले वाटलं, मानूस पक्का तपासावा. म्हणून निघायच्या आधी म्या अजून एक ढिली केली."

रूपरावानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, दोन्ही वायरी दाबल्या, आणि किटचा डबा हातात घेऊन तसाच खाटेवर ठेवला. "हा मी आता लावत नाई."

"झालं," ओमभाऊ म्हणाला. "तुमी बी बाहेरचे पार्ट लावत नाई का?"

"बाहेरचे लावतो, आतले लावतो, दुसऱ्या गाडीचे बी लावतो. पण तुमची गाडी जाताना गाणं म्हणत गेली अन् येताना बसली, असं हे नाना आताच सांगून राह्यले." नाना मान डोलवत होते, सगळी हकीकत त्यांनीच सांगितली होती. "एका रातीत इंजिन म्हातारं होत नाई. आधी आहे तशी चालू करून पाहू. मी आता सगळं नवं लावलं अन् गाडी बरी झाली, तं कशानं झाली हे मले कसं समजन? अन् नाई झाली, तं तुमी त्या पोराच्या डब्याले शिव्या द्यान. दाबा पाय. जोरानं दाबा. अजून."

ओमभाऊनं पाय दाबला. निळी कण्हली, थरथरली, धूर कुठून काढावा तिला सुचेना. रूपराव ओरडला, "अजून," आणि नाना नेमके त्याच क्षणी, मागं काय चाललंय बघावं म्हणून, सायलेन्सरच्या समोर येऊन उभे राहिले.

धडाम.

नळीतून काहीतरी काळं सुटलं आणि नानांच्या पायजम्यावर, मांडीच्या मधोमध, येऊन फुटलं. चौकातले ट्रकवाले जागचे उठले. काजळी नानांच्या चष्म्यापर्यंत उडाली होती. आणि मागं निळी, इतक्या दिवसांनी, मोकळ्या गळ्यानं गात होती.

पहिला आवाज फुटला तो नानांना. "ओम्या." एवढंच. पण त्या एका शब्दात पिवळ्या पावलांपासूनचं सगळं होतं.

"नाना, आईची शप्पथ, मी नाई."

"तू नाई. मंग माह्या मायनं भरलं काय नळीत?"

रूपरावाचं तोंडही बदललं. तो त्या गोळ्याजवळ उकिडवा बसला. शेणमातीचं लिंपण, उष्णतेनं विटेसारखं भाजलेलं, मधल्या भेगांतून बिचारी निळी इतके दिवस श्वास घेत होती. "भाऊ, वायरीपर्यंत ठीक होतं. मिस्त्रीच्या मांडवात येऊन अशी मसखरी? एखाद्याचा डोळा गेला असता. न्या ती गाडी. मले असं गिऱ्हाईक नको."

ओमभाऊ शपथ घेत घेत खाली वाकला, आणि थांबला. फुटलेल्या लिंपणाच्या आत कापूस होता, सरकी काढलेला, वातीसाठी हातानं पिंजतात तसा. आणि कापसाला गुंडाळलेली एक चिंधी. जळून काळी झालेली, पण एका टोकाला हिरवी किनार शाबूत, किनारीवर बारीक मोर.

हे लुगडं त्यानंच निवडलं होतं. संक्रांतीला, हिंगणघाटच्या दुकानात, सुमती दुसरं म्हणत असताना. आणि शेणमातीचं असं घट्ट, गुळगुळीत, बोट फिरवून काढलेलं लिंपण, धान्याच्या कणगीचं तोंड बंद करताना करतात तसं, त्यानं एकाच घरी बघितलं होतं.

रात्री तो पँटचं बटण सोडून घोरत असताना, एक म्हातारी बाई धूसर डोळ्यानं अंगणात चाचपडत गेली असेल. नळी हाताला लागेपर्यंत गाडीभोवती फिरली असेल. ऑपरेशनला ही बाई इतकी भ्याली होती, आणि सांगता येत नव्हतं, कारण वडनेरात सगळ्यांना ठाऊक होतं की आनंदाबाई कोणाला भीत नाही.

नाना आणि रूपराव वाट बघत उभे होते. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हे सासूनं केलं. उद्या हिंगणघाटात, परवा वडनेरात, म्हातारी घाबरून नळीत बोळा भरते म्हणून लोक हसले असते. मग ती मेली असती तरी गाडीत बसली नसती.

ओमभाऊनं चिंधी हळूच खिशात घातली. उठला. आणि जन्मात पहिल्यांदा, न केलेली मसखरी स्वतःच्या नावावर घेतली.

"चुकलं, नाना. मीच भरलं होतं."

नानांनी चष्मा पुसला. "बोलणार नाई तुह्यासंगं," म्हणाले, आणि जाऊन ट्रकवाल्यांच्या बाकावर पाठ करून बसले.

रूपरावानं मात्र ओमभाऊकडे जरा जास्त वेळ बघितलं. माणूस बढाईखोर होता, पण रोज खोटं बोलणाऱ्या इंजिनांसोबत बसणारा होता. "तुमी भरलं," तो म्हणाला. "अन् मंग ते काढायसाठी तीन गाव फिरून राह्यले. बरं." "बेल्ट जुना झालाच हाय, तो तुमच्या डब्यातला लावून देतो, चांगला हाय. बाकी पंप अन् प्लग पोराले वापस पाठवा. गाडीले गरज नाई." मग खाटेकडे जाता जाता, "अन् ज्यानं कोणी ते लिंपण केलं ना, भाऊ, त्याच्या हाताले तोड नाई. माह्याकडे कामाले पाठवा."

ओमभाऊला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. नाही पडला, कारण रूपरावानं तेही गावभर सांगितलं असतं.

घरी नानांनी पायजमा तारेवर दर्शनी वाळत घातला, सगळ्या गल्लीला दिसेल असा. सुमतीला कहाणी कळली. "मी हात जोडले होते तुमच्यापुढं," एवढंच ती म्हणाली, आणि गुरुवारी सकाळी वडनेरपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसली. या वेळी ओमभाऊ मुक्कामाला गेला नाही. गाडी थेट दारात नेली आणि इंजिन चालू ठेवलं.

मामी ओट्यावर तयार होत्या. पिशवी तीच, पानाच्या डब्याएवढी. "गाडीले हळदकुंकू लावते," म्हणाल्या, आणि हाताच्या आधारानं चाचपडत बरोबर मागच्या बाजूला गेल्या. ओमभाऊ अडवायला गेला नाही. दोन पावलं मागं उभा राहिला.

मामींचा हात नळीकडे गेला आणि तिथंच राहिला. नळीच्या वर एक चिंधी बांधली होती. मामींनी ती बोटांनी चाचपली. किनार, किनारीवरचे मोर. डोळ्याला नाही दिसले, तरी बोटांना दिसले.

"हे काय बांधलं, जवाईबापू?"

"गाडीले नजर लागू नाई म्हणून, मामी. चांगल्या घरचं लुगडं हाय."

"कोणाले सांगतलं?"

"सांगायले काय हाय त्यात? नळीत म्याच भरलं होतं. नानाचा पायजमा गेला त्यात. साऱ्या हिंगणघाटाले ठाऊक हाय."

मामी सरळ झाल्या. पदर तोंडाला लावला, आणि पहिल्यांदा त्याला वाटलं त्या रडताहेत, मग वाटलं हसताहेत. "भेव लागते, बापा," त्या म्हणाल्या. "माणूस सुई घेऊन डोळ्याजवळ येईन अन् मले हलता येणार नाई. शेजारच्या जनाबाईले सांगताही येत नाई, तिले म्या चार वर्षं भित्री म्हणून राह्यली."

"मले बी लागते. दाताच्या डॉक्टरकडे गेलतो, तं मी संडासच्या खिडकीतून पळालो होतो. सुमतीले ठाऊक नाई."

"ठाऊक हाय," मागून सुमती म्हणाली. ती केव्हा उतरली होती कोणास ठाऊक. ती नळीवरच्या किनारीकडे बघत होती. संक्रांतीचं लुगडं तिनंही ओळखलं होतं. आत गेली, मायचं बदलायचं लुगडं आणि टॉवेल घेऊन आली, पिशवीत दोन्ही कोंबलं, आणि जाताना नवऱ्याच्या कॉलरवरची धूळ झटकली. धूळ नव्हती.

हायवेला लागल्यावर तो पूल आला. ओमभाऊनं गाडी हळू केली.

"मामी, मागच्या वक्ती इथं बंद पडली होती. अट अजून हाय. म्हणत असान तं पाडतो बंद. चाबी माह्या हातात हाय, कोणाले काई समजणार नाई."

मामींनी पुलाकडे बघितलं. त्यांना तो नीट दिसत नसणार. पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरली.

"काऊन थांबून राह्यले?" त्या म्हणाल्या. "चालवा."

ऑपरेशनचं काय सांगायचं. जेवढं मामी भ्याल्या होत्या त्याच्या मानानं ते इतकं लवकर झालं, की त्यांना थोडा अपमानच वाटला. वर्ध्याच्या दवाखान्यात ओमभाऊनं गाडी मागं घेतली तेव्हा आरती वाजली, दारावरचा म्हातारा चौकीदार उठून उभा राहिला, आणि पट्टी बांधलेल्या मामी हसता हसता खुर्चीतून पडता पडता राहिल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मामींनी आधी नर्सकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग लेकीकडे फार वेळ. शेवटी जावयाकडे.

"जवाईबापू, तुमचे केस कुठं गेले?"

मामींनी मारोतीला रोडगे कबूल केले होते. जामजवळच्या मारोतीच्या पारावर गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी आणि वरणाचं पातेलं उतरलं, आणि पहिलं पान रूपरावाला वाढलं गेलं. ओमभाऊनं स्वतः वाढलं. गल्ली झाडून आली होती. नीलेश आणि चिंधूलाही बोलावलं होतं. ते नसते तर हा रस्ता सापडलाच नसता. नानांसाठी नवा पायजमा होता. तो घेऊनही नाना अर्धंच बोलत होते.

तेव्हा मामी उठल्या. नव्या डोळ्यानं सगळ्या पंगतीवर नजर फिरवली.

"नाना, जवाईले बोल लावू नका. ते नळीत म्या भरलं होतं. भेव लागलं म्हणून."

आधी अण्णाजी हसले, मग नाना, मग सगळेच.

"वा, ताई," नाना डोळे पुसत म्हणाले. "सासू असावी तं अशी. जवाईसाठी आळ अंगावर घेऊन राह्यली."

"अहो, खरंच म्या केलं. शेणमातीनं लिंपलं, आत वातीचा कापूस भरला, लुगड्याचा तुकडा गुंडाळला."

"पाहा, पाठ करून घेतलं ओम्यानं तिच्याकडून," अण्णाजी म्हणाले. वडनेरहून आलेली जनाबाई तर म्हणाली, "आनंदाबाई अन् भेव? काई बी."

मामी लाल झाल्या. आयुष्यातली सगळ्यात बहारदार मसखरी, आणि ती जावयाच्या नावावर चाललेली. त्यांनी मदतीसाठी ओमभाऊकडे बघितलं. ओमभाऊनं मान खाली घातली, चेहऱ्यावर साधूचा भाव आणला, आणि म्हणाला, "मामी, राहू द्या ना. किती खोटं बोलान माह्यासाठी?"

रूपराव तेवढा रोडगा मोडता मोडता थांबला, मामींच्या हातांकडे बघितलं, आणि एकाएकी खोकल्याची उबळ आल्यासारखा पलीकडे तोंड करून हसत राहिला.

मामी त्याच्या पानाजवळ येऊन बसल्या. जावयाच्या रोडग्यावर भरपूर तूप सोडलं, वर साखरेची चिमूट टाकली, आणि त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. भरल्या डोळ्यानं ओमभाऊनं मोठा घास घेतला.

साखर खारट होती.